आक्कांना न दाखवलेला डोंगर

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आमच्या ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता, हे त्याआधीच गेले होते. मुलाला नाही, सुनेला नाही. रोज देवळात वेळणेश्वरापुढे हात जोडून उभी राहते, पण त्यालासुद्धा तोंडाने सांगितलं नाही — तो ओळखून असेल तर असो. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. पण बसा जरा, पाय वर घेऊन बसा. मी बोलणारी बाई, लिहितानाही मुद्द्याशी यायला मला वेळ लागतो. आणि खरं सांगू? आज तर जितका लागेल तितका बराच.

आमच्या पडवीत एक फोटो आहे. आमच्याकडे उतरायला येणारी माणसं आधी समुद्र बघतात, मग सुपारीचं आगर बघतात, आणि जेवायला पाटावर बसली की हमखास विचारतात, "आजी, ह्या कोण?" कपाळ मोकळं, डोईवर पांढरा पदर, आणि हसताना एक दात पडलेला दिसतोय — फोटो काढणाऱ्याने काहीतरी गंमत केली असणार. त्या आमच्या आक्का. माझ्या थोरल्या नणंदबाई. "फार चांगल्या होत्या हो," असं मी म्हणते आणि आमटी वाढायला वाकते. वाकलं की तोंड दिसत नाही.

आणि मग कुणी तरी विचारतंच — तुम्ही कुठे कुठे फिरलात, आजी? मी म्हणते, एकदाच गेले बाई, मुन्नारला, केरळात. अरे वा, ती निळी फुलं बघितलीत का, बारा वर्षांनी येतात ती? आणि मी म्हणते — बघा हं, परवासुद्धा एका सांगलीच्या बाईंना हेच म्हणाले — नाही हो, आम्ही गेलो तेव्हा फुललीच नव्हती.

फुललीच नव्हती. इतक्या वेळा म्हटलंय की जीभ आपोआप वळते.

आक्कांचं सांगते आधी. आक्कांचं लग्न खेडच्या बाजूला, अगदी डोंगराच्या कुशीतल्या गावात झालं होतं. आम्ही समुद्राची माणसं, आमच्याकडे डोंगर म्हणजे जांभ्याचे सडे, त्यावर पावसात गवत आणि उन्हाळ्यात कातळ. तिकडे मात्र खरा सह्याद्री, आणि त्याच्या उतरणीवर कारवी. कारवी तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. सरळसोट काठ्यांचं झुडूप. त्या काठ्यांचे कूड विणायचे, वर शेणमाती लिंपायची की झाली घराची भिंत. एरवी त्याच्याकडे कोण बघतंय? पण सात-आठ वर्षांनी एकदा ते फुलतं. आणि फुलतं म्हणजे एक झुडूप नाही, अख्खा डोंगर.

आक्का सासरी गेल्या त्याच वर्षी फुललं. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत, गणपतीला घरी आलेले. ते आक्कांना घेऊन वर गेले. सासूबाईंना सांगितलं, रान बघून येतो. "शेताचं रान आणि वरचं रान, कुठलं ते नाही सांगितलं हो," असं म्हणून आक्का हसायच्या. वर गेल्यावर यजमान त्या फुलांत शिरले, तर डोक्यावरची टोपी तेवढी दिसे, बाकी माणूस गडप. आक्कांनी घाबरून हाक मारली. नवऱ्याला हाक तरी कशी मारायची? नाव घ्यायचं नाही. तर म्हणे, "अहो टोपी, अहो टोपी!" असं ओरडल्या. ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी "अहो टोपी"ला त्यांना हसू आवरायचं नाही.

पुढच्या बहराला परत जायचं ठरलं होतं दोघांचं. यजमान वर्षाच्या आतच गेले, मुंबईला, तापाने. आक्का माहेरी आल्या त्या आल्याच. खेडला पुन्हा कधी गेल्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या या घरात होत्या, आणि घर त्यांच्या हातात होतं.

वाईट नव्हत्या. हे मला आधीच सांगून टाकू दे, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मनात म्हणाल, नणंद छळवादी असेल. नव्हत्या. मला मासिक पाळीत कोपऱ्यात बसू दिलं नाही त्यांनी, सासूबाईंशी भांडून. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस माझ्यापाशी. वाचायला मला त्यांनीच बसवलं — मी चौथीतून शाळा सोडलेली. वाण्याच्या पुडीचे कागद सरळ करून द्यायच्या, वाच म्हणायच्या. आज हे लिहितेय ते त्या पुड्यांवर शिकलेलं.

मग काय झालं? काही झालं नाही. तेच तर. काहीही झालेलं नसताना मी तसं वागले.

हे गेल्यावर आम्ही दोघींनी मागच्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. रांधायची मी, वाढायची मी, पहाटे उठून नारळ खवायची मी. आक्का पडवीत बसून बोलायच्या. माणसं जाताना म्हणायची, आक्कांच्या हातची आमटी विसरणार नाही. आक्कांच्या हातची! त्या बिचाऱ्या म्हणायच्यासुद्धा, "अहो, ही शालूची आमटी." पण ऐकतोय कोण? पुढच्या वर्षी फोन यायचा — आक्का आहेत ना? आम्ही येतोय. फोन मी घेतलेला असायचा. तुम्ही कोण, असंही कुणी विचारायचं नाही.

इतकंच. एवढ्याशा गोष्टीचं पित्त माझ्या पोटात वर्षानुवर्षं साठलं होतं, आणि मला ते माहीतही नव्हतं.

एकदा पुण्याची एक बाई आली, कॉलेजात झाडाझुडपांचं शिकवणारी. आक्कांनी तिला "अहो टोपी" सांगितली. ती म्हणाली, आजी, तुमच्या कारवीची एक बहीण आहे केरळात. नीलकुरिंजी. बारा वर्षांनी फुलते. चहाच्या मळ्यांच्या वरचे सगळे डोंगर निळे होतात, आणि पुढच्याच वर्षी तिची पाळी आहे.

ती बाई गेल्यावर आक्का मला म्हणाल्या, "शालू, मला ते बघायचंय गो."

अख्ख्या आयुष्यात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. सत्तरी ओलांडलेली, गुडघा धरलेला, आणि बारा वर्षांचा हिशेब त्यांनाही कळत होता. पुन्हा येईल तेव्हा आपण नसू, हे त्या हसत हसत म्हणाल्या.

चिपळूणचे एक गृहस्थ माणसं जमवून सहली काढायचे. त्यांच्याकडे आम्ही दोघींची नावं दिली. आणि मग गावभर सुरू झालं. जो भेटेल त्याला आक्का सांगायच्या, "आम्ही केरळात चाललोय. शालूला नेतेय मी."

शालूला नेतेय! मी काय पिशवी होते? देवळात, बाजारात, दुधाच्या डेअरीत — शालूला नेतेय मी. त्या प्रेमाने म्हणत होत्या. शालू कुठे गेली नाही कधी, तिला जग दाखवते, असा त्यांचा भाव. पण मला काय दिसत होतं सांगू? तिथेही मी त्यांचा हात धरून चालणार, त्यांची गोळी, त्यांची काठी, त्यांचं गरम पाणी, आणि बसमधली सगळी माणसं विचारणार, आक्का, आक्का. मला एकदा — एकदाच — कुणाची भावजय नसलेली अशी कुठे तरी उभी राहायचं होतं. आता लिहिताना हे बरं दिसतंय, नाही? बरं दिसू देऊ नका. तसं काही बरं नव्हतं ते.

जायच्या आधी काही दिवस मी आगराच्या मागे, विहिरीपाशी गेले आणि चिपळूणला फोन लावला. म्हटलं, आमच्या नणंदबाईंचा गुडघा फार धरलाय, त्या येत नाहीत, मी एकटीच येते. ते गृहस्थ हळहळले. मग घरात आले. आक्का पडवीत लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "आक्का, त्यांचा फोन होता. वर मोठा चढ आहे म्हणतात. सत्तरीच्या पुढच्यांना नेत नाहीत."

असं अगदी सरळ. आवाज कापला नाही, काही नाही.

आक्कांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. मग गुडघ्यावरून हात फिरवला — जसा आपण एखाद्या ढोराच्या पाठीवरून फिरवतो, रागाने नाही — आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. वाटेत कुणाला माझं ओझं नको." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू मात्र जा हो. माझ्यापायी राहू नको."

मी राहणार होते का? त्यांना तसं वाटलं, बघा.

त्यांनी मला स्वतःची शाल दिली, डिंकाचे लाडू केले, आणि निघताना पाखाडीच्या तोंडापर्यंत पोचवायला आल्या. पाखाडी म्हणजे आमच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत गेलेल्या जांभ्याच्या पायऱ्या. त्या पायऱ्या चढवत नव्हत्या त्यांना, म्हणून खालीच थांबल्या. म्हणाल्या, "नीट बघ. निळा कुठून सुरू होतो नि कुठे संपतो, सगळं बघ. आल्यावर मला सांग."

त्या वर्षी केरळात पाऊस किती झाला, पूर कसे आले, तुम्हाला आठवत असेल. आम्ही जाईपर्यंत सगळं निवळलं होतं. कोकण रेल्वेने एर्नाकुलम, तिथून गाडीने वर. मी खिडकीशी. रबराची झाडं, मग वेलचीचा वास, मग एकदम चहाचे मळे — डोंगराला कुणी तरी हिरवी गोधडी शिवून घातल्यासारखे, टाका न टाका मोजून घ्यावा. मट्टुपेट्टीचं धरण बघितलं. तिथून पुढे एक जागा आहे, तळ्याकाठी उभं राहून ओरडलं की समोरचा डोंगर परत ओरडतो. सगळ्यांनी आपापल्या माणसांची नावं ओरडून घेतली. कुणी नातवाचं, कुणी देवाचं. मला म्हणाले, तुम्ही ओरडा, लाजू नका. मी काय ओरडले असेन?

शालन.

माझं स्वतःचं नाव. आणि डोंगराने ते परत दिलं, सबंध, मोठ्ठं. माझं पूर्ण नाव त्याआधी कुणी कधी हाक मारून घेतलं होतं, मला आठवत नाही. मी पोरीसारखी हसले. तो आनंद मी नाकारत नाही. तो खरा होता, म्हणूनच तर सांगते.

दुसऱ्या दिवशी राजमलाला. ते राखीव रान आहे, तिथे आपल्या गाड्या नेत नाहीत. सरकारी बस असते, ती तुम्हाला वर घेऊन जाते. वर डांबरी वाट, सावकाश चालत जायचं. चढ? होता, आमच्या देवळाच्या वाटेला असतो इतका. आमच्यातच चिपळूणच्या एक आजी होत्या, आक्कांहूनही म्हाताऱ्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, मध्येमध्ये थांबत, आल्या की सगळी वाट. सहलीचे गृहस्थ माझ्याशेजारून चालत होते. म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना जमलं असतं हो इथे. कसा आहे गुडघा?" मी म्हटलं, "फारच दुखतो."

तेवढ्यात समोरच्या डोंगरावरचा ढग सरला.

सांगू का? का नको? आक्कांना सांगितलं नाही ते तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? पण आता सुरू केलंय. समोर डोंगर होता आणि तो निळा होता. अधूनमधून नाही, ठिपक्याठिपक्यांनी नाही. पायथ्याच्या घळीतून निळा सुरू होत होता, जांभळट, नुकत्या धुतलेल्या पाटीसारखा. वर जाताजाता फिका होत होता, आणि माथ्यावर आभाळाला लागत होता तिथे कोणतं काय ते कळत नव्हतं. त्यात रानबकऱ्या उभ्या होत्या, पोटापर्यंत निळ्यात. आणि मधमाश्यांचा आवाज — तो कुणी सांगत नाही. सगळा डोंगर गुणगुणत होता.

मला तेव्हा आक्कांची आठवण झाली का? झाली. वाईट वाटलं का? नाही. हे मला सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, तिथेच मन खायला लागलं असेल. नाही हो. मी तिथे उभी होते आणि मला वाटत होतं, हे माझं आहे. हे मला कुणी दाखवलेलं नाही.

येताना वाटेच्या कडेची एक डहाळी मी मोडून घेतली. तोडायची नसते, पाटी लावलेली होती. रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. आक्कांसाठी घेतली, असं मी मनाशी पुष्कळदा म्हणून बघितलंय. पण खरं म्हणजे मला माहीत नाही.

मन खाल्लं ते परतीच्या गाडीत. मडगाव सोडलं, आपली भाताची खाचरं दिसायला लागली, आणि डोळ्यांपुढे आक्का आल्या — पाखाडीखाली उभ्या, निळा कुठून सुरू होतो ते ऐकायला. मी त्यांना सांगणार, आणि त्या माझ्याकडे बघत ऐकणार. ते तोंड मला बघवणार नव्हतं. मग मी काय केलं? फोनवरचे फोटो एकेक करून पुसले. आणि घरी पोचल्यावर, पाय धुवायच्या आधीच म्हटलं, "आक्का, पावसाने घात केला. फुललीच नाहीत."

आक्का म्हणाल्या, "अगो बाय माझी! एवढ्या लांब जाऊन?" आणि मला जवळ घेतलं. माझं जाणं फुकट गेलं म्हणून त्यांना वाईट वाटलं! दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, बिचारी शालू, कधी नव्हे ती गेली आणि तिच्या नशिबात नाही.

मला वाटलं, संपलं. पण आक्का कारवीवाल्या. कारवीचं एक असतं — या खोऱ्यातली या वर्षी फुलली तर पलीकडची पुढच्या वर्षी, पाऊस चुकला तर बहर मागे सरतो, असं त्यांच्या सासरी सगळे म्हणायचे. डिंकाचे उरलेले लाडू डब्यात भरताना त्या एकदम थांबल्या. डोळे असे चमकले म्हणता! "शालू, या वर्षी फुलली नाही ना? म्हणजे गेली नाही ती. बहर बाकी आहे. पुढच्या वर्षी येईल."

माझ्या खोटेपणाने त्यांना आशा दिली, कळतंय का तुम्हाला? खरं बोलले असते तर एक दिवस रडल्या असत्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून आक्का पाखाडी चढायला लागल्या. मी म्हटलं होतं ना, चढ आहे, म्हाताऱ्यांना नेत नाहीत — मग चढायची सवय करायची. सकाळी दूध तापवून झालं की काठी घ्यायची, कपाळाला आठी, आणि एक पायरी, दुसरी पायरी. आधी थोड्याशाच. कडेच्या दगडी गडग्याला धरून उभ्या राहायच्या, धापा टाकत. नलू, आमची शेजारीण, तिच्या दारातून ओरडायची, "काय आक्का, पळण्याच्या शर्यतीत भाग घेणार की काय?" आणि आक्का म्हणायच्या, "घेणार! तू ये मागून झेंडा घेऊन."

थंडी गेली, आंबे आले, पाऊस आला. शेवाळ्यावरून घसरू नये म्हणून पायाला सुतळी बांधून चढायच्या. मी आत चुलीपाशी, आणि काठीचा आवाज दगडावर. टक. मग थांबणं. मग टक. मी खोबरं वाटत बसायचे, मोठमोठ्याने पाटा वाजवत. श्रावणात एक दिवस त्या वरच्या रस्त्याला पोचल्या, एकट्या, न थांबता, आणि तिथून मला हाक मारली, "शालू! ये बघ मी कुठे आहे!"

मी बाहेर आले, वर बघितलं, आणि हात हलवला.

त्याच दुपारी म्हणाल्या, "आता लाव त्यांना फोन. सांग म्हातारी पाखाडी चढते." मी म्हटलं, बरं. फोन कानाला लावला. कुणालाच लावलेला नव्हता. आणि त्यांच्यासमोर उभी राहून मी बोलले, "नमस्कार... हो, वेळणेश्वरहून... असं का? अजून ठरलं नाही? बरं, बरं... कळवा हं नक्की." आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ हलवत, जणू त्यांनाही पलीकडचं ऐकू येईल. मी फोन खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "ठरेल. तोवर मी चढते."

किती सोपं होतं तेव्हा खरं बोलणं. किती अवघड होतं.

पाऊस सरला. नवरात्राच्या सुमारास मी गुहागरला बाजाराला गेले होते. बऱ्याच दिवसांनी कोवळं ऊन पडलं, म्हणून आक्कांनी घरातल्या सगळ्या ट्रंका उघडल्या आणि रेशमी साड्या घरापुढच्या खळ्यात बाजेवर घालून त्यांना ऊन दाखवलं. दर वर्षीचंच काम, पण दर वर्षी आम्ही दोघी मिळून करायचो. माझी मोरपंखी साडी ट्रंकेत तळाशी होती. तिच्या घडीत मी डहाळीचा तो रुमाल लपवला होता.

मी आले तोवर सगळं आवरून, घड्या घालून, ट्रंका बंद करून झालेल्या. आक्का चहा घेत होत्या. मला म्हणाल्या, "तुझ्या त्या मोरपंखी साडीच्या घडीत वेखंड घातलंय हो. कसर लागेल नाहीतर."

बस्स. तेवढंच.

मी आत जाऊन ट्रंक उघडली. डहाळी होती. पण माझा चुरगळलेला रुमाल नव्हता. आक्कांनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून त्यात ती गुंडाळली होती, एकही वाळलेलं फूल मोडू न देता, वर वेखंडाचं कांड ठेवून, आणि होती त्याच घडीत परत. कारवीचं कणीस अंधारात हाताला लागलं तरी आक्का ओळखायच्या, आणि ही तर तिचीच बहीण. त्यांना काय कळायचं राहिलं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापलं. काठी कोपऱ्यातच राहिली. आक्का पाखाडीकडे गेल्या नाहीत, आणि पुन्हा कधीच गेल्या नाहीत. मी विचारलं नाही. काय विचारणार होते?

आणि मग ते, जे मला सगळ्यात जास्त डाचतं. दिवाळीत नलू फराळाला आली. तिचा भाचा बोटीवर असतो, त्याची बोट कोचीला लागली होती तेव्हा तो वर मुन्नारला जाऊन आला होता. नलू म्हणाली, "आक्का, तो म्हणतो गेल्या वर्षी फुललेली हो ती फुलं. आणि ही शालू म्हणते फुललीच नाहीत. काय ग शालू, डोळे मिटून गेलेलीस काय?" माझ्या हातात चकलीचं ताट. आक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चकलीचा तुकडा मोडून म्हणाल्या, "त्याने दुसरा डोंगर बघितला असेल गो. आमच्या शालूच्या डोंगराला नव्हती."

आक्का आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. "रान बघून येतो" यावरसुद्धा, ते पूर्ण खोटं नव्हे म्हणून, हसून घ्यायच्या. त्यांना ते बोलावं लागलं, माझ्यासाठी, माझ्या ताटातली चकली खाताना. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चहा टाकते."

पौषात त्यांना ताप आला. उतरेना. एका दुपारी मी पायाशी बसले होते, खिडकीतून समुद्र दिसत होता. त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "शालू, तिकडे थंडी असते का गो?"

तिकडे म्हणजे कुठे, ते मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं. त्या थांबल्या. एवढं दार उघडून दिलं होतं त्यांनी, मी नुसतं आत जायचं होतं. घळीतून सुरू होतो, माथ्यावर संपतो, मधमाश्या गुणगुणतात — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "असते. तुमची शाल उपयोगी पडली."

त्या "बरं" म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालं ते पाण्याचं, औषधाचं. आठवडा सरायच्या आत गेल्या.

अजून पाहुणे येतात. आता फोनवर माझंच नाव घेतात — शालनकाकू आहेत का? कधीकाळी याचीच हौस होती मला. दर वर्षी पाऊस सरला की मी साड्यांना ऊन दाखवते. ती पुडी उघडत नाही. वरचं वेखंड तेवढं बदलते आणि मोरपंखी साडीच्या त्याच घडीत परत ठेवते. आणि पाहुण्यांनी विचारलं की म्हणते, फुललीच नव्हती. ते खोटं आता आक्कांनीही बोललेलं आहे, ते मोडायची मला लाज वाटते, असं मी स्वतःला समजावते. तेही खरं नाही. मला फक्त भीती वाटते, तेव्हा वाटत होती तशीच.

फुलली होती, आक्का. सगळा डोंगर फुलला होता. बसनेच वर नेतात. चढ असा नव्हताच.